यादी आईबरोबर पाठवली आहे

॥ श्री ॥

कोथरूड, पुणे
१ मार्च २०००

चि. सुनीतीस आशीर्वाद.

बाबांच्या तेराव्याला तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, "ताई दवाखान्यात यायची ती फक्त रिकामा डबा परत न्यायला." त्याला परवा दोन वर्षं झाली. तुझा आवाज पुन्हा ऐकायचा नाही हे मी तेव्हाच ठरवलं. घरात फोन आहे, पण तो तुझ्यासाठी नाही. म्हणून हे पत्र.

आईचा फेब्रुवारी माझ्याकडे संपला, मार्च तुझा. नेहमीचा रामदास रिक्षावाला तिला धायरीला आणून सोडेल. पत्र तिच्या कापडी पिशवीत औषधांच्या खाली ठेवलं आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तिचे दोन्ही मोतीबिंदू इतके पिकलेत की स्वतःच्या हाताची बोटं मोजता येत नाहीत, पत्र काय वाचणार! ऑपरेशन कुणाच्या महिन्यात करायचं ते तू ठरव. महिनाभर डोळ्यांत थेंब घालत बसायला मला जमणार नाही.

आता मुद्द्याचं. ती तुझ्याकडून परत येते तेव्हा माझ्या बाथरूमची काय दशा होते ते तुला कळायला हवं. आमोदने अमेरिकेतून पैसे पाठवून सगळं नवीन करून दिलंय, फिक्या गुलाबी टाइल्स, कमोड, भिंतीतला नळ. आई कमोडवर बसायच्या आधी त्याच्यावर दोन तांबे पाणी ओतते. अंघोळ झाली की लुगडं तिथेच पिळते. कवळी बेसिनवर. जुन्या साबणाची चपटी नव्या वडीला चिकटवते आणि ती वडी ओल्या फरशीवर ठेवते. नळावर पांढरे डाग, जाळीत केस, बादलीच्या बुडाला बुळबुळ. हे तिला पेठेत असताना नव्हतं. बाबा असताना तिची मोरी आरशासारखी असायची. याचा अर्थ ही सवय तिला गेल्या दोन वर्षांत लागली आणि ती कुठे लागली हे सांगायला मला ज्योतिषी नको.

तुझ्याकडे किती दिवसांनी घासतात ते कळव. घासत असतील तर.

हेमा

~

धायरी
१ एप्रिल २०००

ती. सौ. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी आठवण आली आणि तीही संडासावरून, म्हणून धन्य झाले.

तुझ्या गुलाबी टाइल्स मी पाहिलेल्या नाहीत कारण तू वास्तुशांतीला बोलावलं नाहीस. माझ्याकडे टाइल्स कमरेपर्यंतच आहेत, त्याही बिल्डरने उरलेल्या लावल्यात. संडास-बाथरूम एकत्र. माणसं चार, आई धरून. सकाळी सव्वासातला मला कॉलेजच्या ऑफिसात पोचायचं असतं. हल्ली तिथे रजिस्टर जाऊन कॉम्प्युटर आलाय आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी माऊस धरायला शिकतेय. अवनीची दहावी. यांची शिफ्ट. भांडीवाली हिरा संडासाला हात लावत नाही, तिने पहिल्याच दिवशी तसं सांगितलंय. तरी माझ्याकडे रोज घासलं जातं, मी घासते. तू आयुष्यभर शाळेत मुलींच्या नखांत मळ शोधलास, आता आईच्या अंघोळीत शोध.

आणि सवयींचं म्हणशील तर महिना संपवून आई इथे येते तेव्हा तिला खोकला असतो, कारण तुझ्याकडे तिला अंघोळीला पाणी दुपारी बाराला मिळतं. आधी तुमचं सगळं आवरायचं, फरशी वाळायची, मग तिने जायचं. हे तिने सांगितलं नाही, ती तुझं वाईट बोलत नाही. मी विचारलं आणि ती पिशवीत जपमाळ शोधायला लागली.

ऑपरेशन तुझ्या महिन्यात कर. तुला नोकरी नाही.

सुनीती

~

॥ श्री ॥

कोथरूड
१ मे २०००

चि. सुनीतीस आशीर्वाद.

नोकरी नाही, पेन्शन आहे. ते मिळवायला चौतीस वर्षं उभं राहून शिकवावं लागतं. बसून माऊस हलवून मिळत नाही.

तुझ्या "रोज घासते" वर माझा विश्वास नाही. रोज घासणं म्हणजे काय हे तुला कुणी शिकवलंच नाही, कारण तू धाकटी. म्हणून लिहून देते आणि हे तुझ्या दाराला चिकटव. कमोडला रोज ब्रश, तोही कडेच्या आतून. बैठकीवरून आणि फ्लशच्या दांडीवरून रोज ओलं फडकं, ते फडकं वेगळं. बेसिन दिवसाआड. फरशीचं पाणी प्रत्येक अंघोळीनंतर वायपरने ओढायचं, ज्याने अंघोळ केली त्याने. बादली, प्लॅस्टिकचा मग आणि आईचं स्टूल बुधवारी उलटं करून. जाळी रविवारी काढून. नळ महिन्यातून एकदा लिंबाच्या सालीने. भिंती पंधरवड्याला. खिडकीच्या काचा पाडव्याला आणि दिवाळीला. आणि शनिवारी फरशी आणि संडासाचं भांडं, दोन्हीला ॲसिड. ॲसिड ओतलं की लगेच घासायचं, बसू द्यायचं नाही, नाहीतर टाइल्स खाऊन टाकतं. खराट्याने घासायचं आणि भरपूर पाणी.

ॲसिडची बाटली तुझ्याकडे नसणार, म्हणून एक पाठवतेय. आईच्या पिशवीत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली आहे. बाटली उभी ठेव असं तिला सांगितलंय, आत काय आहे ते सांगितलेलं नाही. उगाच रिक्षात प्रश्न विचारत बसेल.

आणखी एक. आई लुळीपांगळी नाही. माझ्याकडे गेल्या आठवड्यापासून ती वापरते तो संडास तीच घासते. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना चिकट लागतं की नाही ते कळतं. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी घासलं. तूही तेच कर. लाड करून तिला बिघडवू नकोस, ती परत मलाच सरळ करावी लागते.

हेमा

~

धायरी
१ जून २०००

ताई,

नमस्कार वगैरे यापुढे राहू दे.

मे महिन्यात आई इथे आली आणि दुसऱ्याच दिवशी पदर खोचून संडासाशी बसली. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी डोक्यात घेतलं असेल. तुझं पत्र मी उशिरा उघडलं तेव्हा कळलं कुणी घातलं ते. एकोणऐंशी वर्षांच्या आईच्या हातात खराटा देणारी तू, आणि वास्तुशांतीला सत्यनारायण घालणारीही तूच! शाळेतल्या बायकांना हे सांगितलंस का?

मी लगेच थांबवलं असतं. पण खरं सांगते, थांबवलं नाही. ती सकाळी तासभर आत गुंतलेली असते, तेवढा वेळ स्वयंपाकघर मोकळं मिळतं. आणि संडास खरंच स्वच्छ असतो. तुला हेच ऐकायचं होतं ना, घे.

पण तुझी बाटली परत पाठवतेय, त्याच टॉवेलमध्ये. माझ्या टाइल्स तुझ्यासारख्या परदेशी पैशाच्या नाहीत, एका शनिवारात सांधे पोकळ होतील. माझ्या घरी ब्लीचिंग पावडर वापरतात आणि माझ्याकडे यायचं असेल तर आईने माझ्या घरचं शिकावं. शनिवारी कोरडी पावडर फरशीवर आणि भांड्यात पसरायची, अर्धा तास ठेवायची, मग पाणी. पावडर टाकली की बाथरूमचं दार लावून घ्यायचं, वास घरभर होतो आणि अवनीचं डोकं दुखतं. खिडकी तर पावसाळाभर बंदच, समोरच्या गच्चीचं पाणी आत येतं. बाकी तुझं बुधवार-रविवार मला मान्य. स्टूलखाली बुळबुळ होते हेही खरं. बघ, मी किती समंजस आहे.

आता हे सगळं तूच तिला पढव, तुझा शाळेचा अनुभव आहे. मी तिच्याशी या विषयावर बोलत नाही. बोलायला लागले की ती म्हणते, "तुम्ही दोघी म्हणाल तसं." मला त्या "दोघी"चा संताप येतो.

सुनीती

~

॥ श्री ॥

कोथरूड
१ जुलै २०००

चि. सुनीतीस,

महत्त्वाचं लिहितेय, नीट वाच.

आमोदच्या बायकोचे दिवस भरत आलेत. तिची आई येऊ शकत नाही, म्हणून मला बोलावलं आहे. वीस जुलैचं तिकीट आहे. सहा महिने तिकडे. तेव्हा आई आता जुलै ते डिसेंबर तुझ्याकडे. तुला विचारत नाही, कळवतेय. या वेळी ट्रंकही रिक्षात दिली आहे.

तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. एकच बाथरूम, चार माणसं, माऊस, अवनीचं डोकं. सगळं पाठ आहे. पण मी दोन वर्षं माझा वाटा उचललाय आणि आता मला सुटका हवी. हो, सुटका. हा शब्द तू तेराव्याला माझ्या तोंडी घातलास, तेव्हा मी नाकारला होता. आता स्वतः लिहिते. तिच्या ओल्या लुगड्याचा वास, कवळी, रात्रीत चार वेळा भिंतीला हात लावत जाणं आणि मग त्या भिंतीवर हाताचे डाग. त्या डागांकडे बघून एके दिवशी मला वाटलं, ही अजून किती वर्षं? असं वाटलं आणि मला लाजही वाटली नाही.

ॲसिडची बाटली पुन्हा पाठवतेय. पावडरने पिवळेपणा जात नाही, नुसता दवाखान्यासारखा वास येतो. सहा महिन्यांनी मी परत येईन तेव्हा आई जशी पाठवली तशी परत हवी, सवयींसकट. शनिवारी ॲसिड म्हणजे ॲसिड.

डोळ्यांचं आता दिवाळीनंतर बघ.

हेमा

~

धायरी
२४ जुलै २०००

ताई,

हे पत्र पोस्टाने पाठवतेय. दुसरं कुणी नेणारं राहिलं नाही.

दवाखान्यात, वैकुंठ स्मशानात आणि तेराव्याला तू माझ्यापासून तीन हातांवर उभी होतीस आणि मी तुझ्यापासून. भावजींमार्फत "काय झालं" असं विचारलंस. त्यांना सांगितलं ते अर्धं होतं. पूर्ण इथे लिहिते.

आठ तारीख, शनिवार. मी पावणेसातला कामावर गेले, हे फर्स्ट शिफ्टला, अवनी क्लासला. मी दीड वाजता आले. जिन्यातच उग्र वास, शेजारच्या चंद्रभागाबाई खोकत दारात उभ्या. त्यांना वाटलं आमच्याकडे गॅस फुटला. बाथरूमचं दार आतून लोटलेलं होतं, कडी नव्हती. आई स्टूलवरून घसरून भिंतीला टेकलेली. फरशीवर पावडर, त्यावर तुझी बाटली ओतलेली, अजून फेस येत होता. खराटा हातात नव्हता. हातात जपमाळ होती.

डॉक्टरांनी विचारलं, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कुणी केली? त्याचा विषारी वायू होतो, शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मी म्हटलं, माझी बहीण शाळेत होती. आई दोन दिवस श्वास ओढत होती. एकदाच बोलली, "झालं का गं स्वच्छ?" सोमवारी गेली.

जपमाळ हातात होती एवढंच माझ्याजवळ आहे. मी सगळ्यांना तेच सांगते, देवाचं नाव घेत गेली. तिला कळलं असावं आणि तिने माळ ओढायला घेतली असावी.

आता मला सांग, ती बाटली मी एक तारखेला आईसमोरच माळ्यावर मागे टाकली होती. आईला मी एका शब्दाने बोलले नव्हते. शनिवारी ॲसिड हे तिला कुणी सांगितलं? स्टूलवर चढून, चाचपडत, तिने ती खाली काढली. तू निघताना तिच्या कानात सांगितलंस ना? तुझ्या बाटलीने आई गेली, ताई. तिकीट पुढे ढकललंस म्हणे. कशाला?

सुनीती

~

॥ श्री ॥

कोथरूड
२८ जुलै २०००

सुनीती,

बाटली नुसती असती तर टाइल्सचे सांधे गेले असते, आई नाही. खाली तुझी पावडर होती. दार लावायचा नियम तुझा, खिडकी बंद ठेवायचा नियमही तुझा. माझ्या बाथरूमला एक्झॉस्ट फॅन आहे. हे सगळं डॉक्टरांना सांगितलंस का, की फक्त माझी शाळा सांगितलीस?

मी तिच्या कानात काही सांगितलं नाही. बाटलीत काय आहे हेसुद्धा तिला माहीत नव्हतं, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. उलट मीच तुला विचारते, तुझ्या पावडरचं, अर्ध्या तासाचं तिला कुणी सांगितलं? जूनमध्ये माझ्याकडे असताना एकदा ती आपणहून म्हणाली, "सुनीतीकडे पावडर अर्धा तास ठेवतात हं." मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलेलं नव्हतं. तूच शिकवलंस आणि पत्रात "मी बोलत नाही" असं खोटं लिहिलंस.

मला झोप येत नाही. आजवर कुणापुढे हे बोलले नाही, तुझ्यापुढे तर नाहीच बोलायचं होतं. पण एक जुलैच्या पत्रात मी जे लिहिलं ते आठ तारखेला खरं झालं, आणि ते तुझ्याकडे माझ्या अक्षरात आहे. ते पत्र परत पाठव.

तेराव्याला रामदास रिक्षावाला दारात उभा होता. "ताई, थोडं बोलायचं होतं," म्हणाला. मी म्हटलं, आता नाही. भाडं राहिलं असेल म्हणून यांना विचारायला पाठवलं, तर गेला होता.

आमोदला मी "वयामुळे" एवढंच कळवलं आहे. तूही तेच कळव.

हेमा

~

वडगाव बुद्रुक
२ ऑगस्ट २०००

हेमाताई आणि सुनीतीताई यांस,
सप्रेम जयभीम.

खाली कार्बन घालून लिहितोय, दोघींना एकच मजकूर जाईल. मी बारावी झालेला आहे. कंपनी बंद पडली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन रिक्षा घेतली, त्यामुळे लिहिण्याची सवय गेलीय, सांभाळून घ्या.

यमुनाबाईंना मी दर एक तारखेला न्यायचो. मार्चमध्ये पुलाच्या अलीकडे रसवंतीपाशी त्यांनी रिक्षा थांबवली. स्वतःला नको म्हणाल्या, मला रस पाजला. मग पिशवीतून पाकीट काढून म्हणाल्या, "रामदास, मुली दोन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. आता लिहायला लागल्यात. काय लिहितात तेवढं मला वाचून दाखव. आईने मुलींचं पत्र ऐकलं तर पाप लागत नाही."

मी पहिल्या चार ओळी मनात वाचल्या. मोठ्याने वाचायची हिंमत झाली नाही. म्हातारी कान देऊन बसलेली. मग मी माझ्या मनानं वाचलं. हेमाताईंचं पत्र समोर धरून मी म्हटलं, "सुनीती, दोन वर्षं झाली, तुझा आवाज ऐकावासा वाटतो." त्या इतक्या खूश झाल्या की पुढच्या वेळी मला सरळ वाचताच आलं नाही. दर महिन्याला आम्ही तिथे थांबायचो. सुनीतीताईंनी जे लिहिलं त्याचं मी "ताई, तू थकली असशील" असं करायचो. एक जुलैला ट्रंक होती आणि पत्र फार वाईट होतं. त्यात अजून किती वर्षं असं होतं. तिथं मी वाचलं, "आईला सहा महिने बघणार नाही, मला करमायचं नाही." त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

पण दोन-तीन पानं नुसतं बोलून भरत नाहीत. त्यांना कळलं असतं. म्हणून साफसफाईचं होतं ते मी जसंच्या तसं वाचायचो. ब्रश रोज, बादली बुधवारी, जाळी रविवारी. मला वाटलं, यात वाईट काय आहे? त्यांनाही ते आवडायचं. दोनदा वाचायला लावायच्या आणि रिक्षा चालू झाली की मागे बसून पाठ म्हणायच्या, लहान मुलं पाढे म्हणतात तशा. पिशवीतल्या टॉवेलात काय आहे तेही त्यांना माझ्याकडूनच कळलं.

शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "हेमाने बहिणीसाठी दोनदा बाटली पाठवली. सुनीती तिकडे पावडर आणून ठेवते. एक वापरली आणि एक ठेवली तर एकीला वाईट वाटेल. येत्या शनिवारी दोघींचं करते. आधी पावडर, दार लावून अर्धा तास. मला घड्याळ दिसत नाही, पण आठ माळा जपल्या की अर्धा तास होतो, मी मोजून बघितलंय. बाहेर आले तर मी विसरेन, म्हणून आतच स्टूलवर बसेन. मग ॲसिड ओतायचं आणि लगेच घासायचं." मी म्हटलं, "आज्जी, तुम्ही कशाला, राहू द्या." त्या म्हणाल्या, "मला तेवढंच येतं आता."

मी रिक्षा चालू केली. दोन्ही एकत्र केलं की काय होतं हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं असं मी धरून चालतो.

तेराव्याला लोक बोलत होते की माळ हातात होती, देवाचं नाव घेत गेल्या. ती माळ वेळ मोजायला होती. हे सांगायलाच मी दारात थांबलो होतो.

जे गाळायला नको होतं ते मी गाळलं आणि जे गाळायचं ते वाचलं. त्याची जी शिक्षा असेल ती सांगा. पत्ता वर आहे.

रामदास
(रिक्षावाला)

~

॥ श्री ॥

कोथरूड
६ ऑगस्ट २०००

प्रिय सुनी,

रामदासचं पत्र तुलाही आलं असेल. मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून खूप रडले. दुसऱ्यांदा वाचल्यावर डोकं शांत झालं आणि तिसऱ्यांदा सगळं लख्ख दिसलं.

आपण दोघी सख्ख्या बहिणी, शिकल्यासवरलेल्या, आणि दोन आठवडे एकमेकींना काय काय लिहीत बसलो! मी तुला खोटारडी म्हटलं ते मागे घेते. तू तिला काही सांगितलं नव्हतंस, मीही नव्हतं. सांगितलं त्याने. दुसऱ्याची पत्रं वाचायचा त्याला काय अधिकार होता? आणि वाचायचीच होती तर आपण लिहिली तशी वाचायची. विचार कर, सुनी, माझं एक जुलैचं पत्र त्याने जसंच्या तसं वाचलं असतं तर आई रुसून कोपऱ्यात बसली असती. दोन दिवस जेवली नसती. पण बाटलीला हात लावला नसता. आपण जे लिहिलं त्याने आई वाचली असती, त्याने जे गोड केलं त्याने गेली. आणि वर "जयभीम" लिहून मोकळा. त्या लोकांना घरच्यासारखं वागवलं की हे असं होतं. तो दारात यायचा तेव्हा मी त्याला पाणी द्यायचे, त्याच्यासाठी पेला वेगळा ठेवला होता तरी द्यायचेच.

त्याला उत्तर लिहू नकोस. हे म्हणतात पोलिसांत द्यावं, पण मग पत्रं दाखवावी लागतील. तेव्हा ते नको. आपल्या रिक्षास्टँडवर मी सांगून ठेवलंय की हा माणूस बायकांच्या पिशव्या उचकतो. आता कोथरूडमध्ये त्याला कुणी भाडं देणार नाही. तू धायरीत सांग.

माळेचं तू सांगतेस तेच ठीक आहे. आमोदलाही मी तसंच कळवलं, आजी जप करता करता गेली. त्याला फार बरं वाटलं.

मी पंधरा तारखेला निघतेय. त्याआधी रविवारी जेवायला ये, अवनीलाही आण. तुला आवडतात तशा अळूवड्या करते. माझं बाथरूम तू पाहिलेलं नाहीस, तेही बघ. भिंतीवरचे डाग मात्र ॲसिडनेही गेले नाहीत, एक टाइल बदलावी लागणार. संडास घासायला आता माणूस लावलाय, दर शनिवारी येतो आणि सगळं सामान स्वतःचं आणतो. हवं तर तुझ्याकडे पाठवते.

येताना आईची पिशवी घेऊन ये, तिच्यातली पत्रं आपण दोघी बसून फाडू. निघण्याआधी फोन कर. रिक्षाने ये, पण दुसऱ्या.

तुझी,
ताई

ता. क. हे पाकीट चिकटवलं आहे.